उलटा काटा

धायरीच्या शेडमध्ये मैनाबाई गळाला पिसं बांधून नकली कोळंबी बनवायच्या. फ्लोरिडाची हौशी माणसं त्या कोळंबीवर समुद्रातले मासे धरायची आणि लगेच सोडून द्यायची.

जानेवारीत अशा हौशींना मासेमारीला नेणाऱ्या तिकडच्या एका नावाड्याची ईमेल आली: 'तुमच्या गळांना मासा अडकवून ठेवणारा उलटा काटाच नाही.' मॅनेजर अनिरुद्धने ती अर्धवट वाचूनच हाक मारली.

"मैनाबाई, गळाचा उलटा काटा दाबून सपाट कोण करतं?"

"मीच, पकडीनं."

"अहो, मासा निसटेल ना! कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"खायचा तर मारावा, सर. बोंबील मीही सोडत नाही. पण नुसता खेळायला धरायचा, तर जखम कशाला?"

अनिरुद्धने चरफडत उरलेली ईमेल वाचली. 'थंडीत पाणी गारठलं की मासे सुस्तावतात. सोडला तरी जखमी मासा जगत नाही. यंदा तुमच्या गळांवरचे सगळे पोहत गेले. ही अक्कल कुठल्या जुन्या दर्यावर्दीची?'

तो नकळत खुर्चीतून उठला.

"मैनाबाई, समुद्रावर किती वर्षं होतात तुम्ही?"

पुढचा गळ पकडीत धरत त्या म्हणाल्या, "जोडून दोन दिवस रजा द्या, मग एकदाचा समुद्र बघून येते."