मूल समक्ष आणावे

"मूल कुठंय?" दार उघडताच बाईंनी विचारलं.

लिफ्ट मेकॅनिकनं वळून जिन्याकडे पाहिलं. फोनवर बाईंनी बजावलं होतं, मुलाचे जुने, एकमेकांत बसवायचे ठोकळे आहेत, पोतंभर, स्वस्तात देईन. पण ज्याला खेळायचंय ते मूल समक्ष आणा आणि बरोबर त्याची आई हवी. तो घाईघाईनं "आणतो" म्हणून मोकळा झाला होता. आता तीन मजले चढून दारात उभा होता, आणि पाठोपाठ त्याची आई कठडा धरून धापा टाकत वर येत होती.

"हे काय, उभंय की तुमच्यासमोर," आई म्हणाली. "आणि मी त्याची आई. आधी घोटभर पाणी द्या बाई, मग काय ती चौकशी करा."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पिकलेल्या मिशा, सुटलेलं पोट, खिशाला अडकवलेला टेस्टर. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावसभावाच्या पोराला तासाभरासाठी मागून आणू, असं तो सकाळपासून म्हणत होता. पण आईनं साफ सांगितलं होतं, "खोटं बोलून खेळणी आणायची नाहीत. खेळतोस तू, तर तूच चल."

"थट्टा करताय माझी?" बाई म्हणाल्या. पाणी मात्र आणलं. "मागे एकजण असाच आला. नातीसाठी हवी म्हणून आमच्या मुलाची आगगाडी घेऊन गेला, आणि बघते तर काय, त्याच्याच दुकानाच्या काचेत, चौपट किमतीला! तेव्हापासून कानाला खडा लावलाय मी."

पोतं भिंतीला टेकून उभं होतं, तोंड सुटलेलं. आत लाल, करडे आणि पांढरे ठोकळे. एवढे पांढरे एका जागी त्यानं जन्मात पाहिले नव्हते. नवे घ्यायचे तर घरात महिनाभर चूल पेटायची नाही. हे पोतं हातचं गेलं, तर त्याचं बांधकाम आहे तिथंच राहणार होतं.

बाई खुर्ची ओढून आईसमोर बसल्या.

"खेळून झाल्यावर आवरतो का?"

"नाव नको! सकाळी उठून पाय खाली टाकला की एक तरी तळव्यात रुततोच. मी ओरडते, ओरडते. ह्याला ऐकूच येत नाही."

"दोन ठोकळे घट्ट बसले, निघेनात, की काय करतो?"

आईनं मुलाकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच 'नको' म्हटलं.

"दातानं काढतो," आईनं सांगून टाकलं. "पुढच्या दाताचा टवका उडालाय त्यापायी. दाखव रे बाळ्या."

बाळ्यानं ओठ घट्ट मिटले.

बाई उठल्या. पोत्यात हात घालून त्यांनी एक चपटा ठोकळा शोधून काढला आणि उजेडात धरला. कडेला दातांचे बारीक वण होते.

"आमचाही," त्या म्हणाल्या. मघाचा ताठा आवाजातून गेला होता. मग पहिल्यांदाच त्यांनी सरळ त्याला विचारलं, "काय बांधतोस रे?"

"इमारत!" तो लाजायचं विसरला. "सहा मजली. आणि आत लिफ्ट, बरं का, खरीखुरी. दोऱ्यावर चालते. बाहेरची चकती फिरवली की ही अशी वर, आणि वजन असं खाली." त्याचा एक हात वर चालला होता, दुसरा खाली. "दिवसभर लोकांच्या लिफ्टच्या खड्ड्यात डोकं घालून असतो बाई. बोलावलं की जायचं, उशीर झाला म्हणून बोलणी खायची. घरच्या लिफ्टमध्ये कोणी अडकत नाही, कोणी बोलत नाही. पण सध्या चौथ्या मजल्यावर थांबलीय. पुढं मजलाच नाही."

"तुमच्याकडे लिफ्ट नाही, आमच्या घरी आहे," आई गुडघे चोळत म्हणाली. "मी मावत नाही, एवढंच."

बाई खळखळून हसल्या. हसता हसताच त्यांनी किंमत सांगितली. ती इतकी कमी होती, की "एवढीच?" म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आईनं चिमटा काढला.

पोतं खांद्यावर आलं. आत ठोकळे खळखळले आणि त्याला इतका आनंद झाला, की जिना नाचत उतरावासा वाटला. पहिलं वळण आलं नाही तोच वरून हाक आली, "थांबा!"

झालं, त्याला वाटलं. बाईंचं मन फिरलं.

बाई दारात उभ्या होत्या. "आमचा खेळायचा, तेव्हा मी नुसती आवर, आवर करत राहिले. एकदाही खाली बसले नाही हो त्याच्याजवळ. आता तो लांब गेला." मग अगदी हळू म्हणाल्या, "मला खेळायला घ्याल?"

त्यानं आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? खेळ तुझा."

"मला येत मात्र नाही हं काही," बाई घाईनं म्हणाल्या. "माझ्या हातून मोडलं, पडलं..."

"पडू दे की. सुरुवातीला तुम्ही लिंबूटिंबू."

बाईंनी चपला घातल्या, कुलूप लावलं, आणि भराभर खाली येऊन पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"आणि आवरायचं कोणी?" आईनं मागून विचारलं.

दोघं पोतं सावरत जिना उतरत होती. कुणालाच ऐकू आलं नाही.