लादानियाखालची ओल

लादानियाच्या बुडाशी माती आजही ओली होती. पांदेलिसने बोट खुपसून पाहिलं. ऑगस्टच्या उन्हात अख्खं बेट भाजून निघालं होतं आणि हे एकच झुडूप पाण्याने कुजत चाललं होतं.

त्याच्या बागेचा कायदा साधा. रोप लावलं की पहिला उन्हाळा पाणी, पुढे उन्हाळ्यात थेंबही नाही. लॅव्हेंडर, रोझमेरी, लादानिया, सगळी तहानेवरच पोसलेली. भर उन्हाळ्यात पाणी पाजलं की लादानियाची मुळं सडतात.

बायकोला हे पटलं नाही ते नाहीच. "जिवंत वस्तूला तहानलेलं ठेवतोस. काळीज आहे की दगड?" अर्गिरो म्हणायची, आणि सकाळी कॉफीचं भांडं विसळलं की ते पाणी गुपचूप स्वयंपाकघराच्या दारातल्या लादानियाला. अशी तीन झुडपं तिने मायेने मारली. हे चौथं.

पण अर्गिरोला जाऊन आता चाळीस दिवस होत आले होते.

गेलेल्याचा जीव चाळीस दिवस घराभोवती घुटमळतो, त्याला तहान लागते. म्हणून पांदेलिस रोज झोपताना खिडकीत पाण्याचा पेला ठेवायचा. सकाळी पेला रिकामा, आणि लादानियाखाली ओल. म्हातारा मनातून हरखला होता. पिरेअसहून मुलगा फोन करायचा, "बाबा, घराला कुलूप लावा आणि इकडे या."

"तुझी आई येते इथे. तिला कुलूप दाखवू?" हा विचारायचा.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी त्याला पहाटेच जाग आली. खिडकीशी काळा रुमाल बांधलेलं डोकं हललं. तो तसाच अनवाणी बाहेर धावला.

अर्गिरोची धाकटी बहीण होती, कलिओपी. हातात रिकामा पेला.

"रोज तूच?"

तिने मान खाली घातली. "पहिल्या सकाळी पेला भरलेला दिसला, तर तुम्ही दिवसभर जेवला नाहीत, भावोजी. मला बघवेना."

पांदेलिस पायरीवर बसला. इतके दिवस आपण रिकाम्या खिडकीशी बोलत होतो, याचीच त्याला लाज वाटली. त्या रात्री त्याने पेला ठेवला नाही. मुलाला कळवलं, येतो.

चाळिसाव्याचे उकडलेले गहू चर्चमध्ये वाटून झाले. बोट दुपारची होती. पिशवी दारात, कुलूप खिशात. कलिओपी निरोप द्यायला आली, तेव्हा तो ते कुजलेलं झुडूप उपटत होता. जरा ओढलं आणि हातात आलं. काळ्या मुळांना चिखल चिकटला होता.

"एवढी बाग पडली होती," तो कुरकुरला. "तुला पेला नेमका याच्याच बुडाशी ओतायचा होता? बहिणीच्या वरताण आहेस."

"मी ओतला?" कलिओपी त्याच्या हातातल्या मुळांकडे बघत राहिली. "मेलेल्या माणसाचं पाणी कुणी मातीत सांडतं का, भावोजी? ते मी रोज खिडकीशी उभ्या उभ्या पिऊन टाकायचे."