उन्हात टिकलेली डिस्क

तात्या म्हणजे वस्तू ठोकून-बजावून घेणारा माणूस. पाच कंपन्यांच्या कोऱ्या डिस्क आणल्या, सगळ्यांवर एकच गाणं उतरवलं आणि महिनाभर खिडकीत रणरणत्या उन्हात ठेवून दिल्या. चौघींनी माना टाकल्या. पाचवी ठणठणीत वाजली, वर स्वस्तही निघाली. मग त्याच कंपनीच्या डिस्कवर त्यांनी बायकोचं आजारपणातलं शेवटचं बोलणं उतरवलं आणि ती मऊ कापडात गुंडाळून लेकीच्या हातात ठेवली. "घे. तुझी आई आता शंभर वर्षं बोलेल."

दोन वर्षांनी तात्यांचा कॉम्प्युटर जळाला. त्यातलं सगळं गेलं, तरी तात्या निर्धास्त. सकाळीच लेकीच्या दारात हजर. "अगं, आईची डिस्क दे जरा."

"अय्या, प्लेअर तर आम्ही कधीच भंगारात दिला! पण डिस्क आहे हं," म्हणत लेक त्यांना बाल्कनीत घेऊन गेली. ग्रिलला दोरीने टांगलेली डिस्क वाऱ्यावर गरगरत होती, गजांवर खरखर घासत होती.

"मानलं तात्या तुमच्या निवडीला! दोन वर्षांत एक कबूतर फिरकलं नाही."