पिवळा शर्ट

वस्तीतल्या माणसांनाही मत देता यावं म्हणून कॉलेजची पोरं मोर्चा काढणार होती. पुढे शिंपीणबाईंचा धाकटा होता. त्यानं शर्टासाठी करडं कापड आणून दिलं, बाईंनी शिवला पिवळाधमक. "आई, मी काय लग्नाला चाललोय?" "गुमान घाल. खिडकीतून बघणार आहे मी, गर्दीत दिसायला नको?" तो हसत गेला. हजार डोक्यांत तो पुलापर्यंत बाईंना दिसत राहिला. पुलापलीकडच्या गच्चीवर बंदूक घेऊन बसलेल्या शिपायालाही तोच दिसला. एकच गोळी सुटली. महिन्याभरानं त्याचे मित्र दुकानात आले. "काकू, परवा पुन्हा निघतोय. आम्हा सगळ्यांना त्याच्यासारखाच पिवळा शर्ट शिवून द्या." 'नका जाऊ' हे शब्द बाईंनी गिळले. कपाटातून तेच करडं कापड काढून टेबलावर पसरलं, पहिल्या पोराच्या छातीला टेप लावली. "यात एकाचा होईल. बाकीच्यांनी असलंच घेऊन या."