नऊ आणि एक

“तो पहिल्या रांगेत बसणार असेल, तर मी येत नाही,” घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाला.

ताई स्टुलावर टेकली. पुलापलीकडून चालत आल्यामुळे तिला धाप लागली होती. “मग पहिल्या रांगेत तू बस. त्याला मी मागे बसवते.”

“म्हणजे तो माझ्या पाठीकडे बघत राहणार.”

“अरे, साठी उलटली तुझी. पाठीला काय होतंय?”

घड्याळजी आणि पुस्तकं बांधणारा बाइंडर हे तिचे दोघे धाकटे भाऊ. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या प्रार्थनेच्या पुस्तकावरून त्यांचं बिनसलं. तेव्हापासून एकमेकांशी चकार शब्द नाही, आणि काहीतरी खुसपट काढून घड्याळजी अधूनमधून रुसून बसे. गावातली ज्यू घरं आता बोटांवर मोजण्याइतकी. सगळ्या घरांतले मिळून मोठे पुरुष दहा. आणि दहा जण जमल्याशिवाय प्रार्थनालयात धर्मग्रंथाची गुंडाळी उघडून वाचता येत नाही. दोघांतला एक रुसला, की उरले नऊ.

गुरुवारी सकाळच्या वाचनात शिंप्याच्या नातीचं नाव ठेवायचं होतं. नऊ वर्षांत वस्तीत जन्मलेलं हे पहिलं बाळ. प्रार्थनालयाच्या दारावरच्या फळ्यावर या सूचनेखाली आणखी एक ओळ होती: पुढच्या महिन्यात औषधवाल्याच्या मुलीचं लग्न.

ताई तिथून निघाली ती थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाइंडरच्या तिसऱ्या मजल्यावर. तो पुठ्ठ्याला खळ लावत होता.

“मागे बसायला माझी हरकत नाही,” तो म्हणाला, “पण आधी त्याने आत जायचं. मी त्याच्यासाठी दार धरून उभा राहणार नाही.”

ही अट घेऊन ताई परत पुलापलीकडे गेली. घड्याळजीने नवी अट घातली. आठवड्याभरात तिच्या पाच फेऱ्या झाल्या. वाटेत बायका तिला थांबवून विचारत, “कुठवर आलं?” ती म्हणे, “प्रार्थनालयाच्या पायरीपर्यंत आणलंय दोघांना.” ती पुढे गेली की बायका आपसात बोलत. नवरा गेल्यावर सहा महिने हिने उंबरा ओलांडला नव्हता, दिवसासुद्धा पडदे ओढलेले असायचे. आणि आता बघा, अख्खी वस्ती एकटीने बांधून ठेवलीय.

बुधवारी तिलाच तोडगा सुचला. वाचनाचा उंच कठड्याचा चौथरा खोलीच्या मधोमध होता. तिने शिंप्याला हाताशी धरून बाकं सरकवली, चौथऱ्याच्या अलीकडे पाच जण आणि पलीकडे पाच. आता दोघा भावांना एकमेकांचं तोंडही दिसणार नव्हतं आणि पाठही.

गुरुवारी घड्याळजी पुढच्या दाराने आला, बाइंडर मागच्या. दहा भरले. गुंडाळी उघडली, वाचन झालं, बाळाचं नाव पुकारलं गेलं. शिंपी आधी हसला आणि मग त्याला रडू आवरेना.

“ताई, तुम्ही नसता तर हे झालं नसतं,” तो म्हणाला.

“माझे पाय मोडले त्यात,” ताई म्हणाली. पण तिचा चेहरा उजळला होता. जेवताना तिने दोनदा वाढून घेतलं, बाळाला मांडीवरून खाली ठेवलं नाही, आणि घरी चालतच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजीच्या दुकानाचं मागचं दार उघडलं. बाइंडर आत आला, नेहमीच्या खुंटीला कोट अडकवला आणि किटलीतला चहा दोन कपांत ओतला.

“लग्नाला अजून पाच आठवडे आहेत,” तो म्हणाला. “तेवढ्यात ती परत पडदे ओढून बसेल.”

“आणि लग्नात वऱ्हाडातलेच दहा होतील. आपण रुसलो तरी कोणाचं काय अडणार?”

“कोणाचं नाही अडलं तरी ताई येईल.”

घड्याळजीने थोडा विचार केला. “मग सोमवारच्या वाचनालाच रुसायला हवं,” तो म्हणाला. “पण या खेपेला सुरुवात तू कर. मागच्या तिन्ही वेळा मीच केली.”