तिसरा टाका

टेलरमास्तरांच्या हृदयात धातूची झडप होती. "रक्त फार पातळ नको, घट्ट तर नकोच. गुठळी मेंदूत जाईल. दर महिन्याला तपासा," डॉक्टरांनी बजावलं होतं. मास्तर हसले. "लॅबवाला सुईच टोचणार ना? मी दिवसभर तेच करतो!" तपासणी दुकानातच व्हायची. ते बोटाला सुई टोचायचे, समोर तुरपाई करणारी बायको टाके मोजायची. आठव्या टाक्याला रक्त थांबलं की पास. मागच्या आठवड्यात वीस टाके झाले तरी थांबेना. "नकोच ती रक्त पातळ करणारी गोळी," म्हणत तिने डबीच लपवली. आज तिसऱ्याच टाक्याला रक्त थांबलं. "बघ, मी ठणठणीत!" मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. टोक नेढ्याच्या बाजूनेच जात राहिलं. मग हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. "अहो!" तिने हात धरला. बोट कोरडं ठणठणीत होतं.