घरावर सोडलेलं पाणी

मृत्युपत्रावर सही झाली, तशी कमलिनीकाकूंनी तळहातावर तुळशीचं पान ठेवलं, पळीभर पाणी घेतलं आणि ‘न मम’ म्हणत ताम्हनात सोडलं. राहतं घर मुलींच्या वसतिगृहाला दिलं.

“काकू, हे तुमच्या पश्चात,” खानोलकर वकील हसले. “तोवर खुशाल राहा.”

“अहो, ‘माझं नाही’ असं देवासमोर म्हणून बसले की मी! आता दुसऱ्याच्या घरात कोणत्या तोंडाने राहू?” काकूंचा चेहरा उतरला. या वयात जायचं कुठे?

“पाणी सोडलंच नाही असं समजा.”

“देवाला फसवू?”

वकिलांनी कपाळाला हात लावला. काकूंनी सरळ वसतिगृहाच्या बाईंना फोन करून विचारलं, “तुमच्या घरात मी राहिले तर चालेल का हो?”

“चालेल की! पण आमच्या चौघी मुलींना जागा नाहीये, त्यांनाही घ्या.”

सोमवारी चौघी बॅगा घेऊन आल्या. थोरलीने दारावर वसतिगृहाचे नियम चिकटवले. काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि हळूच तिला विचारलं, “बाळ, सातला दार बंद लिहिलंय. आमचं कीर्तन साडेसातला सुटतं. मला तेवढी सूट मिळेल का गं?”